हॅलबीच्या शिवेवरचा वाघोबा

पहिली मेंढी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मेली, आणि ती कुणी मारली हे यशोधन धिंदळेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाहून तो गप्प बसला. पुढे जे झालं ते या गप्प बसण्यातून झालं. हॅलबी गावातले लोक आता त्याची दुसरी कारणं सांगतात, पण त्यांना सांगू दे.

त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता. लेस्टरशरचं हिरवं कुरण जूनपासूनच वाळलेल्या तणासारखं पिवळं पडलं होतं आणि मेंढ्यांना जुलैतच साठवणीचं गवत घालावं लागत होतं. यशोधन पहाटे पाच वाजता पाण्याच्या टाक्या बघायला निघाला, तेव्हा खालच्या कुरणात धूळ उडताना दिसली. दोन कुत्री, लांब पायांची, एक राखाडी आणि एक पट्ट्यापट्ट्यांचं. राखाडीने मेंढीचा गळा धरला होता. दुसरं मागून मांडी फाडत होतं.

"हाड! हाड रे!" तो काठी घेऊन धावला. पाच वर्षं इंग्लंडमध्ये काढली तरी कुत्र्यावर ओरडायचं ते मराठीतच.

फाटकापाशी शिट्टी वाजली आणि कुत्री एका झटक्यात वळून निघून गेली. फाटकात क्रेग उभा होता. गल्लीच्या टोकाला राहणारा, घरांची छपरं दुरुस्त करणारा क्रेग. तो सावकाश चालत आला, मेंढीकडे पाहिलं. ती अजून पाय झाडत होती.

"तू काही पाहिलं नाहीस ना, मेट?" तो म्हणाला. आवाजात धमकी नव्हती. उलट जरा लाजल्यासारखा होता. "पट्टा सुटला. परत नाही होणार."

यशोधन काही बोलला नाही. क्रेगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

आता या क्रेगबद्दल सांगायला हवं, कारण तो काही वाईट माणूस नव्हता. धिंदळे कुटुंब मेंढ्यांचा मालक डेनिस याच्या शेतावरच्या छोट्या घरात राहायला आलं, त्या पहिल्या हिवाळ्यात पन्हळ फुटून भिंतीतून पाणी झिरपत होतं. क्रेगने न विचारता शिडी लावली आणि पन्हळ बसवून दिली. सियासाठी, म्हणजे त्यांच्या मुलीसाठी, सफरचंदाच्या झाडाला झोका बांधला. गावात दुसऱ्या कुणी तोवर दार वाजवलं नव्हतं.

घरी सुप्रभा कामावर निघायच्या तयारीत होती. ती लेस्टरच्या एका हॉस्पिटलात वॉर्डवर नर्स. सहा दहाची बस मोठ्या रस्त्यावरून जायची. तिच्याच व्हिसावर हे सगळं घर उभं होतं, यशोधन तिचा डिपेंडंट. त्याला शेतावर काम मिळालं, घर मिळालं, ते मागाहून.

"डेनिसला सांगतो," यशोधन बूट काढत म्हणाला.

"काय सांगता?"

"क्रेगची कुत्री म्हणून."

सुप्रभाने डबा पिशवीत ठेवला आणि वळली. "अहो, आपला अर्ज डिसेंबरात आहे. पाच वर्षं पुरी होतायत. कायमचं राहायचं पत्र मिळू दे, मग कुणाची नावं घ्यायची ती घ्या. आत्ता कुणाच्या अध्यात ना मध्यात. पोलीस, साक्ष, भांडण, काही नको. गुड कॅरेक्टर बघतात ते."

"खरं बोलण्यात कॅरेक्टर कसं जातं?"

"तुमचं नाव कागदावर आलं की झालं. कशासाठी आलं ते कोण वाचतं?" तिने कोट घातला. "आणि नियम बदलणार म्हणतात. दहा वर्षं करणार. आता चुकलो तर सियाचं काय?"

तिचं बरोबर होतं की चूक, हे सांगायची माझी हिंमत नाही. वॉर्डवर रोज बारा तास माणसं उचलून तिची कंबर गेली होती, आणि ती हे सगळं त्या एका पत्रासाठी करत होती. दुपारी डेनिसबरोबर यशोधनने मेलेली मेंढी ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी बकेटमध्ये घातली.

"कोल्हा नाही हा," डेनिस म्हणाला. सत्तरीकडे झुकलेला, हातांची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली, पण मेंढरांचा माणूस. "तू काही ऐकलंस?"

"नाही," यशोधन म्हणाला.

सप्टेंबरात आणखी चार गेल्या. पबमध्ये कुणीतरी काळा बिबट्या पाहिल्याचं सांगितलं. पूर्वी कुणा श्रीमंताने पाळून सोडून दिलेला, असं. डेनिसला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. तो बंदूक घेऊन गवताच्या शेडमध्ये बसू लागला. यशोधन त्याला थर्मासातून चहा नेऊन द्यायचा. म्हातारा कुडकुडत "चीअर्स, यश" म्हणायचा, आणि यशोधन घरी येऊन जेवत नसे.

त्याच महिन्यात झेंडे लागले. आधी मोठ्या रस्त्यावर, मग गावात, मग गल्लीत, प्रत्येक दिव्याच्या खांबावर एकेक. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस, इंग्लंडचा झेंडा. शिड्या क्रेगच्या होत्या, त्यामुळे काम त्याच्याकडे होतं. एका संध्याकाळी यशोधन मेंढ्या वरच्या कुरणात नेऊन परत येत होता, तेव्हा क्रेगने वरून हाक मारली.

"यश, जरा शिडी धरशील का? जमीन भुसभुशीत आहे."

यशोधनने शिडी धरली. दुसरं काय करणार होता? वर क्रेग प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळत बोलत होता.

"माझा आजा इथला, त्याचा आजा इथला. मातीच आमची. आणि आम्हालाच कोणी विचारत नाही. लंडनहून कागद येतो, इथे हे होणार, तिथे ते होणार. आम्ही मूळचे लोक, आणि आमच्याच गावात आम्ही फालतू."

"आमच्याकडे पण असंच," यशोधन खालून म्हणाला.

"काय?"

इंग्रजी शब्द जुळवत त्याने सांगितलं. अकोले तालुक्यात डोंगरात त्यांचं गाव. ते महादेव कोळी, आदिवासी. आज्याची भातखाचरं धरणाखाली गेली. बाहेरून साहेब आले, कागद आणला, आज्याने अंगठा दिला. आजा म्हणायचा, आम्ही इथं वाघाच्या आधीपासून आहोत. साहेब हसले.

क्रेग खाली उतरला. त्याने यशोधनकडे खरोखर मायेने पाहिलं. "बघ! तुला कळतं. इथल्या अर्ध्या लोकांना कळत नाही आणि तुला कळतं." शिडी खांद्यावर घेऊन तो पुढच्या खांबाकडे निघाला. "हे तुझ्यासाठी नाहीये हां, मेट. तू चांगला आहेस. हे बाकीच्यांसाठी."

बाकीचे कोण, हे यशोधनने विचारलं नाही. त्या गल्लीत त्याच्या घराशिवाय बाकीचं कुणीच नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नऊ मेंढ्या गेल्या. आता एडके सोडायची वेळ आली. एडक्याच्या छातीला रंग लावतात, म्हणजे तो ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीवर डाग पडतो आणि कोणती कधी व्यायणार ते कळतं. रॅडल म्हणतात त्या रंगाला. डेनिसच्या शेडमध्ये त्याचा डबा होता. नारिंगी भुकटी, खाण्याच्या तेलात कालवायची. यशोधन काठीने कालवत होता आणि कालवता कालवता त्याचा हात थांबला. शेंदराचाच रंग. तोच दाटपणा. तेल सुद्धा तसंच वर येत होतं.

आदल्याच दिवशी आईचा फोन आला होता. "उद्या वाघबारस रं, यशा. पोरं शिवंवर खीर करत्यात. तुझ्याकडं हाय का वाघोबा?"

"इथं वाघच नाही, आये."

"मंग जनावर कोण नेतं?"

दिवाळीच्या तोंडावर बारशीला गुराखी शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, तिथेच चुलीवर खीर शिजवतात, वाघाला वाटा ठेवतात. इतकं दिलं, आता आमचं जनावर नेऊ नको. वाघाला शिव्या देत नाहीत, त्याचं नावही फारसं घेत नाहीत. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यापुढे हात जोडायचे, एवढाच त्याचा अर्थ. आणि यशोधनला आत्ता भांडता येत नव्हतं.

खालच्या कुरणाच्या कडेला, ओढ्याच्या वर, काट्याच्या झुडपात एक दगड उभा होता. कमरेइतका, वरून गोल घडवलेला, एका बाजूने आयव्हीच्या वेलीने मढलेला. कुणीतरी तो मुद्दाम तिथे उभा केला होता. यशोधनला तो पहिल्या दिवसापासून आवडायचा. येता जाता तो नकळत हात लावायचा. त्याला वाटलं, यांचाही कधीतरी शिवेचा देव असणार, आता विसरलेत. वेल हटवून मागची बाजू बघावी, हे त्याच्या मनातही आलं नाही. देवाची पाठ कुणी बघतं का?

उरलेला रॅडल त्याने वाटीत घेतला. संध्याकाळी सुप्रभा कामावरून आली, सिया शाळेतून आली. तिघं गेली. त्याने दगडाला रंग लावला, लेस्टरच्या भारतीय बाजारातून, बेलग्रेव्ह रोडवरून आणलेला नारळ फोडला, घरून करून आणलेली खीर पानावर ठेवली.

"हे काय आता?" सुप्रभा म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तीही त्याच डोंगरातली, नाशिकला नर्सिंग शिकलेली एवढंच. तिने पायातले बूट काढले, मोजे ओल्या गवतात भिजले, आणि तिने हात जोडले. सियाने फोनवर फोटो काढला.

"बाबा, हा आपला गॉड आहे? टायगर गॉड?"

"आपला."

"कूल," सिया म्हणाली.

पुढचे दोन आठवडे एकही मेंढी गेली नाही. क्रेग बर्मिंगहॅमला एका शाळेच्या छपराच्या कामावर होता आणि कुत्री बरोबर घेऊन गेला होता, हे यशोधनला माहीत होतं. तरीही त्याला वाटलं, वाघोबानेच राखलं. माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं. त्या दिवसांत तो पोटभर जेवला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेत प्रत्येक मुलाने आपल्या घरची संस्कृती आणायची होती. कुणी आजीची स्कॉटिश शाल आणली, कुणी पोलंडचे लाकडी चमचे. सियाने फोटो नेला. बाईंना तो फार आवडला. त्यांनी मोठा करून छापला आणि रंगीत अक्षरांत खाली लिहिलं, आपलं वैविध्य हीच आपली ताकद. तो कॉरिडॉरच्या भिंतीवर लागला.

बुधवारी मॉरीन शाळेत आली. मॉरीन गावातली एक वयस्क बाई, आठवड्यातून एकदा लहान मुलांकडून पुस्तकं वाचून घ्यायला यायची. ती त्या फोटोपाशी थांबली ती थांबलीच. बाईंनी खुर्ची आणली. पाऊण तासाने मॉरीन काठी टेकत एकटीच खालच्या कुरणात गेली आणि तिने दगडावरची वेल हातांनी उपसून काढली. पलीकडच्या बाजूला अक्षरं होती. पीटर, वय सतरा, या कुरणात मेंढ्या आणताना वीज पडून गेला, जुलै १९६८. पीटर मॉरीनचा भाऊ. दगड त्यांच्या आईने लावलेला.

संध्याकाळपर्यंत नारिंगी दगडाचा फोटो गावाच्या फेसबुक पानावर होता. टाकणारा क्रेग. वर लिहिलं होतं, आपल्या मुलाची खूण रंगवून टाकली, तेही रिमेंब्रन्स संडेच्या, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या आठवड्यात. खाली दोनशे लोकांनी लिहिलं. काहींनी धिंदळ्यांच्या घराचा नंबर लिहिला.

गुरुवारी पोलीस आली. तरुण बाई होती, नीट बोलली, बूट पुसून आत आली. डेनिस तिच्यामागे दारातच उभा राहिला.

"रंग माझ्या शेडमधला आहे," तो म्हणाला. "यश, मला विचारायचं तरी."

पोलीस बाईने समजावून सांगितलं. मॉरीन कोर्टात जायला उत्सुक नाही. शनिवारी दहा वाजता, सगळ्यांसमोर, दगड साफ करायचा आणि माफी मागायची. कागदावर सही. गुन्हा नोंदला जाणार नाही. नाही म्हटलं तर मात्र पुढचं तिच्या हातात नाही.

"करतील ते," सुप्रभा म्हणाली. पोलीस बाईचा चहा तसाच राहिला.

रात्री लेस्टरच्या मराठी मंडळातून देविकाताईंचा फोन आला. त्या डॉक्टर होत्या, मंडळाच्या सेक्रेटरी. गेल्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी यशोधनला कमरेला पानं बांधून नाचायला लावलं होतं. आमच्यात पानं नाही बांधत, असं तो म्हणाला, तर त्या म्हणाल्या, अहो, स्टेजवर छान दिसतं.

"यशोधन, मी एक लेटर ड्राफ्ट करते. तुम्ही ॲबोरिजिनल कम्युनिटीचे आहात, हे सेक्रेड प्रॅक्टिस आहे, असं. तो शब्द ह्या लोकांना पटकन कळतो. फारच सेन्सिटिव्ह असतात त्याबाबतीत."

"ॲबोरिजिनल म्हणजे मूळचे, ना ताई?"

"हो."

"कुठले मूळचे, ते पण लिहावं लागंल. ते म्हणतील, तिकडचे ना? मग तिकडं लावा शेंदूर."

देविकाताई म्हणाल्या, "बघा, पण आपल्या सगळ्या लोकांचं नाव खराब होतंय हे लक्षात ठेवा. लेस्टरमध्ये आम्हालाही विचारतात."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ भांडी घासत बसला. घासलेलीच परत घासली.

"मी तो रंग काढणार नाही," तो म्हणाला.

"काय?"

"देव बसलाय तिथं. शेंदूर खरवडला तर तो कुणाला तरी नेतो. तुला माहीत आहे."

"दगड आहे तो. त्या बाईच्या भावाचा दगड आहे."

"मंग तर जास्तच. आपल्याकडं मेलेल्याचा चिरा उभा करतात, त्याला पण शेंदूरच लावतात ना? मी काय घाण टाकली त्याच्यावर? मान दिला."

"हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही?" सुप्रभाचा आवाज चढला. "पाच वर्षं मी लोकांचे गू-मूत काढतेय. त्या एका सहीसाठी. आणि तुम्ही दगडासाठी अडून बसता?"

"तू हात जोडलेस," यशोधन म्हणाला. "मोजे भिजवून जोडलेस."

दिवा घालवून ती सियाजवळ जाऊन झोपली.

शनिवारी बारीक पाऊस होता. सगळा उन्हाळा जो आला नाही तो आता थांबत नव्हता. दगडापाशी पोलीस बाई छत्री धरून, मॉरीन घडीच्या खुर्चीवर गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन, डेनिस कोटाच्या खिशात हात घालून. क्रेग थोडा लांब फाटकाला टेकून, आणि त्याच्या मागे गावातली सातआठ माणसं. क्रेगच्या छातीवर त्या स्मरणासाठी लावतात ते कागदी खसखशीचं फूल होतं. सगळ्यांच्याच होतं. यशोधनने बादली ठेवली, ब्रश घेतला, चिखलात गुडघे टेकले. हात उचलला. दगडापासून वीतभर अंतरावर तो हात थांबला.

पावसाचा आवाज येत राहिला. कुणीतरी खोकलं.

"यश," डेनिस हळू म्हणाला. "चल, बाबा. उरकून टाक."

त्याला जमेना. बघणाऱ्यांना वाटलं मुजोरी आहे. पण ती नुसती भीती होती. लहान पोराला अंधारात वाटते तशी.

तेवढ्यात सुप्रभा आली. रात्रपाळी करून थेट बसमधून, कोटाखाली हॉस्पिटलचा निळा ड्रेस तसाच. तिने गर्दीकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"व्हा बाजूला," ती मराठीत म्हणाली. "नेलं तर मला नेऊ दे. तुम्हाला नको."

तिने घासायला सुरुवात केली. वॉर्डवर जसं घासतात तसं, वरून खाली, जागा न सोडता. तेलकट नारिंगी पाणी गवतात उतरलं, तिच्या मनगटांवरून कोपरापर्यंत आलं. यशोधन तिथेच गुडघ्यांवर बसून बघत राहिला. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. सुप्रभा दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथे ओघळ उतरून कोरीव अक्षरांत रंग जाऊन बसला होता. पुसट झालेलं पीटरचं नाव लांबूनही वाचता येत होतं.

"ते राहू दे," मॉरीन म्हणाली.

"सगळं काढायचं ठरलंय," क्रेग म्हणाला.

"माझा भाऊ आहे. राहू दे." मग ती यशोधनकडे वळली. आवाज कोरडा होता, पण विचारणं खरं होतं. "हे कशासाठी केलंस तू? मला कुणी सांगितलंच नाही."

यशोधन उठला. गुडघ्यांना चिखल होता. "टायगर गॉड," तो म्हणाला. "मेंढ्या नेऊ नये म्हणून. आमच्याकडे विनंती करतात."

क्रेग हसला. फार वाईट हसला नाही, नेहमीसारखाच हसला. "लेस्टरशरमध्ये वाघ नाहीत, मेट."

सुप्रभाने वर पाहिलं. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. "अहो, नका," ती म्हणाली.

"वाघ नाही," यशोधन म्हणाला. "कुत्री. तुझी. एक राखाडी, एक पट्ट्यांचं. मी पाहिलं."

क्रेगचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मागच्या माणसांपैकी एक जण म्हणाला, "आता याला काहीही सुचतंय." पण डेनिसने क्रेगकडे पाहिलंच नाही. तो यशोधनकडे बघत होता.

"कधी पाहिलंस?"

"ऑगस्ट. पहिली मेंढी."

"ऑगस्टमध्ये." डेनिसने खिशातून हात बाहेर काढले. वाकड्या बोटांनी टोपी काढली, परत घातली. "नऊ मेंढ्या गेल्या माझ्या. मी थंडीत त्या शेडमध्ये बंदूक घेऊन बसत होतो. आणि तू मला चहा आणून देत होतास."

"मी सांगितलं होतं बोलू नको म्हणून," सुप्रभा इंग्रजीत म्हणाली. ब्रश तिच्या हातातच होता. "मिस्टर डेनिस, माझी चूक आहे. आमचा अर्ज..."

"क्रेगचं मी बघून घेईन," डेनिस म्हणाला. "तो माझा शेजारी आहे, साठ वर्षं त्याचं घर मला माहीत आहे. तो खोटं बोलणार हे मी धरूनच चालतो. तुझ्याबद्दल मी असं धरलं नव्हतं." तो थांबला. पावसाने त्याच्या भुवया भिजल्या होत्या. "महिन्याअखेर घर रिकामं कर. मला तिथे असा माणूस हवा, जो मला सांगेल."

पोलीस बाईने कागद पुढे केला. यशोधनने सही केली. मॉरीनने सही केली. कागद पूर्ण झाला, गुन्हा नोंदला गेला नाही. सुप्रभाला जे हवं होतं ते तिला मिळालं.

रविवारी सकाळी अकरा वाजता गावातल्या चर्चसमोर लोक दोन मिनिटं मुकाट उभे राहिले. त्या वेळी सुप्रभा स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून अर्ज भरत होती. नाव भरलं, जन्मगाव भरलं, प्रवासाच्या तारखा भरल्या. सध्याचा पत्ता आला. तिने तो टाईप केला आणि मग एकेक अक्षर खोडत आली. कोपरापर्यंत तिचे हात अजून नारिंगी होते. हॉस्पिटलातल्या साबणानेही निघाले नव्हते.

"सिया विचारतेय, भिंतीवरचा फोटो बाईंनी का काढला," यशोधन म्हणाला.

"तिला काय सांगितलंत?"

"काय सांगू?"

त्याने बूट घातले. महिनाअखेर व्हायला तीन आठवडे होते आणि मेंढ्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना चारा लागणारच होता. सुप्रभाने लॅपटॉप मिटला, सियाला टीव्हीसमोर बसवलं आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. तिने कोपऱ्यातली काठी उचलली.

"तू कशाला?" तो म्हणाला.

"येते. बोलू नका."

गल्लीतून दोघं निघाली. ओले झेंडे खांबांना चिकटले होते. खालच्या कुरणाच्या फाटकापाशी क्रेग उभा होता. चर्चमधून सरळ आलेला असावा, काळा सूट, पॉलिश केलेले बूट चिखलात. दोन्ही कुत्री पट्ट्यात, त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेली. त्याने त्यांना पाहिलं. एका हाताने फाटकाची कडी काढली आणि फाटक त्यांच्यासाठी उघडं धरलं.

थांबून चाललं नसतं, मागे वळूनही चाललं नसतं. आत तीनशे मेंढ्या डोकी वर करून उभ्या होत्या.

"थँक यू," सुप्रभा सवयीने म्हणाली.

"एनी टाइम," क्रेग म्हणाला.

दोघं आत गेली. वीसेक पावलं चालली असतील. मागे फाटक लागलं नाही. त्याऐवजी पट्ट्याची कडी सुटल्याचा बारीक आवाज आला, आणि लगेच दुसरा. यशोधन थांबला. सुप्रभाने त्याची बाही घट्ट धरली.

"चालत राहा," ती म्हणाली.